काटा रुतला तेव्हा मी बोटातच होते

खण्ण! मोरीतल्या माशांच्या पाटीवरचं ताट फरशीवर पडलं आणि पनवेलच्या त्या घरातली दुपारची शांतता मोडली. पाठोपाठ निशाची किंकाळी आली.

मित्रांनो, मी सहा वर्षांच्या निशाच्या बोटातली एक जुनी पेशी आहे. माझं नाव गॅमा-डेल्टा टी पेशी. जुनी म्हणजे किती? निशा आईच्या पोटात होती ना, तेव्हाच तिच्या छातीतल्या थायमस ग्रंथीत आमचं घराणं घडलं. टी पेशींमध्ये थोरल्या आम्ही. लाड मात्र धाकट्या बहिणींचे!

धाकट्या म्हणजे नेहमीच्या टी पेशी. जंतूचा तुकडा कुणीतरी त्यांच्यापुढे नेऊन धरायचा, मग त्या ओळखणार, मग आपली फौज वाढवणार. त्यात दिवस जातात. मला कुणी काही दाखवावं लागत नाही. शेजारची पेशी दुखावली, की मी निघालेच. तरी पुस्तकात त्यांचं चित्र पानभर, आणि माझं नाव कंसात. जळतो हो माझा जीव!

त्या दिवशी निशाची आजी, मैनाबाई, करंजा बंदरातून शिंगाळे घेऊन आली होती. या माशाचा काटा विषारी. म्हणून कोळणी आधी काटा मोडतात, मगच मासा पाटीत टाकतात. घाईत एक राहिला, आणि निशाने नेमका त्यालाच हात घातला.

“अगो बाय! येक काटा मोडाचा रायला माजा!” मैनाबाई ओरडली.

“आई, साफ करून आणा म्हटलं की तुम्हाला राग येतो,” निशाची आई विनिता सासूला म्हणाली.

“मंग खावा मार्केटातलं बरफाचं! आदी गरम पानी आन, पोरीचा बोट बुडव.”

बोट टरारून सुजलं. पू झाला तर? बोटच गेलं तर? विनिता लेकीला मांडीवर घेऊन बसून राहिली. आत माझी धावपळ चालली होती. जंतू गिळणाऱ्या पेशींना मी हाका मारल्या, फाटलेल्या कातडीला वाढायला चेतवलं. धाकट्यांचा अजून पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बोट दाबून पाहिलं. “सूज उतरतेय, पू नाही. लसी सगळ्या वेळेवर झाल्यात ना? शाब्बास! धनुर्वाताची एक आज देऊन टाकू.”

“बरं झालं बाई, लसी चुकवल्या नाहीत,” विनिता म्हणाली.

खरं आहे. धनुर्वात अडवणं माझ्या हातचं नाही, तिथे लसीचीच शिकवण हवी. पण कालची राखण? तिच्याबद्दल एक शब्द नाही.

मित्रांनो, लस घ्या, जखम धुवा, डॉक्टरांना दाखवा. आणि खपली नखाने उकरू नका. तिच्याखाली माझं काम चाललेलं असतं. कौतुक नको, पण एवढं तरी जपा.

रिक्षात आई आणि आजीच्या मध्ये बसलेली निशा दंडावर कापूस दाबून विचार करत होती.

“आई, इंजेक्शन तर आत्ता दिलं. मग कालपासून माझं बोट कोण सांभाळत होतं?”

शेवटी विचारलं हो कुणीतरी!