मेणकापडातली पोथी

“मास्तरांनू, तुमची पोथी मिया दर्यात सोडलंय.”

एलोजी मास्तर दोन दिवसांनी, कणकवलीला डोळे दाखवून, नुकतेच एसटीतून उतरून आले होते. छत्री हातातच राहिली.

“वाळवीन खाल्ल्यान तिका. तशी घरात कशी ठेवतलंय? नारळ देवन खडपाकडे सोडलंय काल,” रुक्मिणी म्हणाली.

मास्तर ओटीवर बसले. “बाय, आमच्यात जीर्ण पोथी मातीत पुरतात. माणूस गेल्यावर पुरतो तशी. देवाचं नाव असतं तिच्यात.”

रुक्मिणीच्या पायांखालची वाळूच सरकली. तिचा नवरा दर्यात गेला तो मिळालाच नव्हता. अशा घरात काय उरतं ते तिला कोणी सांगायला नको होतं.

मास्तर अलिबागकडचे बेने इस्रायल. मालवणच्या शाळेत आले तेव्हापासून तिच्या पडवीतल्या खोलीत राहत. भाऊबंद जहाजाने इस्रायलला गेले. हे मात्र वडिलांच्या हातची ती हिब्रू पोथी मराठीत आणीत इथेच राहिले. पहाटे त्यांचं वाचन सुरू झालं की मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली रुक्मिणी उंबऱ्याशी थबकायची. शब्द एक कळत नसे, अंगावर काटा मात्र यायचा.

ती तडक रापणवाल्या लवूकडे गेली. “उद्या रापण खडपाकडे घाल.”

“खुळावलंस काय गो? जाळा फाटतला!”

“फाटांदे. माझो घोव गावलो नाय, ही तरी गावांदे.”



सकाळी सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून रापण ओढली. खडपाच्या दगडांत जाळं फाटलं ते फाटलंच. मासळी मूठभर, आणि तिच्यात दगड बांधलेलं एक पुडकं. रुक्मिणीने पोथी मेणकापडात घट्ट गुंडाळली होती. दर्यात सोडायची, पण भिजता कामा नये! काय म्हणावं या बाईला?

तिच्याच परसात, सुरंगीखाली खड्डा खणला. पुरण्याआधी मास्तरांनी पोथी उघडली. वाळवीने पानांची चाळण केली होती. त्यांनी उजवीकडून डावीकडे बोट फिरवत वाचायला सुरुवात केली. बोट भोकांवरून जात होतं, पण आवाज कुठे अडला नाही. अक्षरं होती तिथेही तोच, नव्हती तिथेही तोच. रापणकरांनी न सांगता डोक्यावरच्या टोप्या काढल्या. लवूसारखा तोंडाळ माणूस, पण हात जोडून उभा राहिला.

“ह्यां सगळा पाठ आसा ह्येंका?” तो नंतर हळूच म्हणाला. रुक्मिणीने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

मास्तरांनी पहिली मूठ माती टाकली. मग मागे वळून म्हणाले, “बाय, तुम्हीही टाका.”

तिने टाकली. एक पोथीवर. आणि दुसरी, कुणाला न सांगता, तिच्या शेजारी.

घरात येऊन तिने अंघोळ केली. चूल पेटवली नाही. दुपारी शेजारची सुगंधा पेजेचं मडकं घेऊन आली, मयताच्या घरी आणतात तसं.

“दोघांपुरती आसा,” ती म्हणाली, आणि मडकं ओटीवर ठेवून गेली.