खमिरातला अर्धा कोयता

हुकूम सोडणाऱ्यांनो, तुम्ही आम्हाला घडवलंत, कामाला जुंपलंत आणि विसरलात. माझा जोडीदार गेला, तरी तुमचा साधा निरोप नाही.

मित्रांनो, मी एक जुना प्रथिन-उपघटक आहे. जुना म्हणजे कालचा. आमच्यात तेवढं वय लई झालं. यीस्टच्या, म्हणजे खमिराच्या, एका पेशीत मी राहतो. शिरूर कासारच्या भीमाशंकर अप्पांच्या बेकरीत साखरपाण्याची बरणी आहे, तीत आमची पेशी. हुकूम केंद्रकातून येतो. तिथं कोण बसतं, ते मी कधी पाहिलं नाही.

पेशीत पातळ पडद्यांच्या घड्या असतात. तिथला माल इवल्याशा पोटल्यांतून पुढे जातो. पुस्तकात त्यांना पुटिका म्हणतात. त्या बांधणं हे आमचं काम. आपल्याकडं ऊसतोडीला नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात ना, तसे आम्ही दोघं. पडद्यावरचा मुकादम बोलावतो, आम्ही जोडीनं बसतो. मी माल निवडतो, जोडीदार पडदा वाकवतो. वरून दुसरे उपघटक जाळी विणतात, पडदा फुगतो, पोटली तुटून निघते. मग जोडीदारच मुकादमाला मोकळं करतो, आम्हीही सुटतो, की पुन्हा नवी पोटली.

त्या मालात साखर फोडणारं प्रथिन असतं. ते पेशीबाहेर पोचलं तरच साखर फुटते, आत अन्न येतं, बुडबुडे उठतात आणि पीठ फुगतं. अप्पांच्या पत्नी शिवकांताबाई फडकं उचलून म्हणायच्या, "लई गुणाचं खमीर हाय!" आमचं नाव कोण घेणार?

माझ्या आधीच बाहेरच्या कंपन्यांना इथला बाजार मोकळा झाला म्हणे. टपऱ्यांवर पिशवीबंद पाव लटकू लागले आणि अप्पांना घाई सुटली. आज सकाळी त्यांनी बरणी भट्टीच्या कठड्यावर ठेवली. त्या धगीनं माझ्या जोडीदाराची घडी, म्हणजे त्याचा आकारच, विस्कटली, शेजाऱ्यांच्या जोडीदारांचीही. मोडतोड उचलणारे त्यांना ओढून घेऊन गेले. मी एकटाच मुकादमापुढं उभा राहिलो. तो म्हणाला, "अर्धा कोयता घिऊन काय करू बे?"

आता माल आत तुंबलाय, साखर दाराबाहेर पडून आहे आणि आम्ही उपाशी. चूक अप्पांची, मुकादमाची की हुकूम सोडणाऱ्यांनो, तुमची? मला काहीच उमजेना.

बाहेर शिवकांताबाईंचा आवाज चढला.

"कावून ठिवली हो बरणी भट्टीवर?"

"लवकर फुगंल म्हनून," अप्पा म्हणाले. "फेक आता ती. पाकिटातलं खमीर आनतो."

"तुमालाच बसवते तिथं, बघू किती फुगता!"

त्यांनी बरणी ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणाशी ठेवली. "सांजपातुर थांबा. बुडबुडा न्हाई आला, तर वता मोरीत."

मित्रांनो, जित्या जिवाला घाईचा चटका देऊ नका. आतमध्ये कुणाची जोडी मोडते, ते वरून दिसत नाही.

आणि हुकूम सोडणाऱ्यांनो, गारवा आलाय. मी पडद्यापाशी बसून आहे. सांज व्हायच्या आत नवा जोडीदार पाठवताय की नाही, तेवढं बोला.