जागच्या जागी सायकल

"बाई, ही सायकल तुमच्या घरी न्या आणि तुम्हीच चालवा," काका म्हणाले आणि तोंडावर पांघरूण ओढून मोकळे झाले.

हा त्यांचा सलग तिसरा नकार. आमच्या डायलिसिसच्या हॉलमध्ये आठ आरामखुर्च्या, आठ यंत्रं आणि नकार देण्याच्या आठ तऱ्हा आहेत. मी फिजिओथेरपिस्ट, पण इथे मला सगळे 'व्यायामवाली' म्हणतात. हातात दोन सुया खुपसून चार तास पडलेल्या माणसाला मी पाय हलवायला सांगणार. तो शिव्या देत नाही हेच उपकार. पण आठवड्यातून तीन दिवस असं पडून राहिलं की मांड्यांतली ताकद बघता बघता जाते. म्हणून खुर्चीच्या पायाशी पेडलचं छोटं यंत्र लावायचं, तेही पहिल्या दोन तासांत, रक्तदाब बघून. नंतर माणूस गळून जातो.

काकांनी चाळीस वर्षं सुऱ्या-कात्र्यांना धार लावली होती. स्टँडवर उभी केलेली सायकल, पुढे दगडाचं चाक, असा त्यांचा संसार गल्लोगल्ली फिरायचा.

"चाळीस वर्षं पेडल मारलं आणि सायकल जागची हलली नाही," ते पांघरुणातून म्हणाले. "आता म्हातारपणी कुठं पोचवणार मला?"

चार तास संपले की काकू पुढे यायच्या. काकांच्या दोन्ही काखांत हात घालायच्या, "हं, उठा" म्हणायच्या आणि त्यांना अक्षरशः उपसून काढायच्या. एकदा त्यांना उभं केल्यावर काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. काका नेहमीप्रमाणे शेवटचं वजन करायला वजनकाट्याकडे वळले तशी मी काकूंना बाहेरच्या बाकावर बसवलं.

"कंबर कधीपासून दुखतेय?"

"हळू बोला, ऐकू जाईल त्यांना." त्यांच्यासमोर कंबरेला हात लावायचा नाही, असा काकूंचा नियम होता. "डॉक्टर म्हणाले, पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. म्हटलं, हे वाळून काटकी झालेत, धरू पाच किलोच."

कुणाला सांगणार नाही असं मी वचन दिलं आणि पुढच्याच खेपेला काकांना सगळं सांगून मोडलं. मला त्याची जराही लाज वाटत नाही.

काका पांघरूण बाजूला सारून म्हणाले, "लावा ते."

मी दोन-चार सूचना देणार होते, त्या घशातच राहिल्या. पायांना सगळं ठाऊक होतं. हनुवटी खाली, एक डोळा अर्धवट मिटलेला, आणि पेडल कसं एका लयीत.

"पाच मिनिटं झाली, काका. दमलात का?"

"मिनिटांचं मला सांगू नका. एक सुरी झाली, आता कात्री घेतो." आणि कात्रीला जपून हात लागतो म्हणून त्यांनी वेग खरोखरच कमी केला. शेजारच्या खुर्चीवरच्या निवृत्त मास्तरीणबाई हसून हसून खोकायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला. लय लागली, काकांचे डोळे समोर खिळले आणि दोन्ही हात आपसूक वर आले, दगडाला सुरी लावायला. सुईचा हातही आला. सुई सरकली, पट्टी लाल झाली आणि यंत्र कर्कश ओरडू लागलं. सिस्टर धावत आल्या. थोडक्यात निभावलं, पण त्या माझ्यावर उखडल्या.

"व्यायामवाली, तुमचं हे खेळणं उचला आधी!"

मोठ्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, सुईचा हात जागचा हलता कामा नये. पुन्हा हलला तर सायकल बंद.

"बांधून टाका की हात," काका म्हणाले.

"त्या हातावर दाब चालत नाही, काका."

"मग झालंच." त्यांचा आवाज कापला. "पायांना कामाला लावलं की हातांना वाटतं, आपल्यालाही बोलावलंय. चाळीस वर्षं सोबत काम केलंय त्यांनी. आता हिला मरेपर्यंत मला उचलावं लागणार."

मी सायकल उचलायला वाकले.

काकूंनी स्टूल ओढलं, बसल्या आणि काकांच्या सुईच्या हाताच्या तळव्यात आपला तळवा ठेवला. बोटं काय ती धरली, बाकी कुठे दाब नाही. "लावा हो सायकल," त्या मला म्हणाल्या.

"तू घरी जाऊन पड. कंबर..."

"बसून हात धरायला कंबर लागत नाही."

सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून. पेडल फिरू लागलं. थोड्या वेळाने काकांची बोटं आवळली, हात उचलू पाहू लागला. काकूंनी बोटं दाबली.

"अहो, सुरी नाहीये ती. मी आहे."

हात खाली बसला. ते वाक्य पहिल्या दिवशी त्यांना सतरा वेळा म्हणावं लागलं. पुढे पाच वेळा, मग एखाद्या वेळी. तीन महिन्यांत दहा मिनिटांची पंचवीस झाली, आणि सिस्टर स्वतःच पेडल पुसून ठेवू लागल्या.

आज सुया निघाल्या, रक्त थांबलं, रक्तदाब ठीक होता. काका खुर्चीच्या कडेला सरकले. मी शिकवल्याप्रमाणे पाय मागे घेतले, नाक गुडघ्यांच्या पुढे आणलं आणि जोर केला. अर्ध्यातूनच ते धपकन खाली बसले. काकू सवयीने पुढे झाल्या, दोन्ही हात काखांच्या उंचीवर.

"थांब," काका म्हणाले.

त्यांनी पुन्हा पाय मागे घेतले. मांड्या थरथरल्या, गुडघे डुगडुगले, आणि ते उभे राहिले. जरा डोललेही. मी जवळच होते, पण हात लावला नाही. मग कुणाकडेही न बघता ते एकेक पाऊल टाकत वजनकाट्याकडे निघाले.

काकूंचे हात तसेच हवेत राहिले होते. त्यांनी ते एकदा बघितले. मग हळूच मागे नेले आणि सगळ्यांदेखत, पहिल्यांदाच, स्वतःची कंबर धरली.