भिंतीपुढचं पान

“ती माकडांची रांग नको काढू गो भिंतीवर,” सासूबाई म्हणाल्या, तेव्हा मी शाळेच्या पडवीत स्टुलावर उभी होते. “तुला काय व्हायचं नाय. भोगील दुसरंच कोन तरी.”

मी हसले. माझं अर्धं लक्ष खाली होतं. चार वर्षांची वैष्णवी रंगाच्या डब्यात बोट घालेल, तेच तोंडात घालेल, वासाने तिचा दमा उसळेल, इतकं सगळं मी एका श्वासात कल्पून ठेवलं होतं. त्यापलीकडचं संकट मला दिसत नव्हतं. सासूबाई शेतात तण काढायला, बेणणीला निघून गेल्या.

ते दोन हजार पाच साल. किन्हवलीपासून सहा किलोमीटर आत आमचं गाव, आणि तिथली सातवीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा. भिंती बोलक्या करा, असं वरून पत्र आलं होतं. कुणी पाढे लिहिले, कुणी तालुक्याचा नकाशा काढला. मी कल्याणला प्राणिशास्त्र शिकलेली सून, शिवाय ग्रामशिक्षण समितीची महिला सदस्य. खिचडीच्या खोलीलगतची भिंत माझ्या वाट्याला आली. रवींद्र गुरुजींनी पुस्तकातलं चित्र आणून दिलं. आधी चार पायांवरचं वानर, मग अर्धवट वाकलेलं, मग हातात दगड घेतलेला माणूस आणि शेवटी ताठ उभा राहिलेला.

मी रंगवत होते तेवढे आठ दिवस वैष्णवीला बाईजाने सांभाळलं. बाईजा शाळेत खिचडी शिजवायची. वरच्या वाडीतून रोज पाऊण तास उतरून यायची. पन्नाशीची असेल, तिला स्वतःलाही नक्की माहीत नव्हतं. एखाद्या मुलाने ताटलीत टाकलं तर ती रागवायची नाही, पोट दुखतं का ते विचारायची. वैष्णवीचा श्वास जरा वाजू लागला की माझ्याआधी तिला कळायचं. मग ती पहिल्यांदा मलाच खाली बसवायची. म्हणायची, तुझं तोंड बघूनच ती भिते.

तिचा नवरा, नवशा, भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेला तो परत आलाच नाही, तो वारल्याचा निरोप आला. मुलगा गोमा सहाव्या वर्षी तापाने गेला. आमच्याकडे पितृपक्षात घरातल्या पुरुषाने पितरांसाठी पान ठेवायचं असतं. बाईजाकडे ते दीर ठेवायचा. तो मुरबाडला राहायला गेला, आणि तिच्या माणसांसाठी पान ठेवणारं कुणी उरलं नाही. बाईच्या हातचं पोचत नाही, असं वाडीत म्हणत. ती हे सगळं तांदूळ निवडता निवडता सांगायची, जणू दुसऱ्या कुणाचं सांगते आहे.

चित्र वाळलं तसं गुरुजींनी पाचवी ते सातवीची मुलं पडवीत बसवली. गुरुजी तरुण होते, बोलायला लागले की हात हलवायचे. हे आपले पूर्वज, ते म्हणाले. अध्यक्ष धाऊदादांचे वेगळे आणि वाडीवरच्यांचे वेगळे असं काही नाही, सगळ्यांचे एकच. मुलं खिदळली. आतल्या खोलीत बाईजाचं सूप मात्र थांबलं.

दुपारी मी ब्रश धूत होते, तेव्हा ती जवळ येऊन उभी राहिली.

“बाय, गुरुजी बोलतात ते खरं काय?”

“खरं.”

“मंग माझा नवशा नि गोमा पन यांच्यातलेच?”

“हो. आपण सगळेच,” मी म्हटलं. इतक्या लवकर कुणाला तरी समजलं, याचा मला आनंदच झाला होता. मी डबे आवरले, मुलीला कडेवर घेतलं आणि घरी आले.

सर्वपित्रीला शाळा होती. मी वैष्णवीला बालवाडीत सोडायला गेले, तर पडवीत भिंतीपुढची जागा शेणाने सारवलेली. त्यावर सागाचं पान. पानावर भात, भोपळ्याची भाजी, एक वडा, तांदळाची खीर. बाईजा बाजूला पदर डोक्यावर घेऊन उभी होती. मुलं सरस्वतीच्या फोटोला करतात तसा येता येता नमस्कार करत होती. माझ्या मुलीनेही केला. पडवीच्या कठड्यावर कावळा आला, जराही न घुटमळता खाली उतरला आणि त्याने भाताला चोच लावली. बाईजाने माझ्याकडे पाहिलं. एवढं निवांत झालेलं तोंड मी फार कमी माणसांचं पाहिलं आहे. हे असं शाळेत करायचं नसतं, हे शब्द माझ्या ओठावर आले होते. मी ते गिळले.

तेवढ्यात समितीचे अध्यक्ष धाऊदादा नातवाला सोडायला आले.

शनिवारी सभा बसली. दादा आणि गुरुजी यांचं वर्षभर धुमसतच होतं. दादांना रोज भजनाचा तास हवा होता. पोरांना देवधर्म शाळेने नाही शिकवायचा तर कुणी, असं त्यांचं म्हणणं. सरकारी शाळेत कुठल्याच देवाचं शिकवता येणार नाही, हे गुरुजींचं. आता दादांनी सरळ भिंतीकडे बोट दाखवलं. ते पुसा, ते म्हणाले. आमच्या बापाला माकड ठरवलं, वर खिचडीवालीने त्याला जेवायला वाढलं. मागून कुणीतरी म्हणालं, दोन नंबरचा जरा दादांसारखाच दिसतो. सगळे हसले, दादा सोडून.

गुरुजीही चिडलेले होते. वर्षभर मुलांना प्रश्न विचारायला शिकवतो, आणि विज्ञानाच्या चित्रापुढे नैवेद्य? उद्या साहेबांनी पाहिलं तर काय सांगू? ते पोटतिडकीने बोलत होते, आणि माझं शिक्षण त्यांच्याच बाजूचं होतं.

दोन तास झाले. भिंतीचं ठरेना, भजनाचं ठरेना. शेवटी दोघांचं एकाच गोष्टीवर जमलं. सोमवारपासून बाईजा नको.

तिला दारात बोलावून सांगितलं. ती चौकटीला हात लावून उभी होती.

“गुरुजी बोलले सगल्यांचे येकच,” ती म्हणाली. “म्हनून मी सगल्यांसाठी ठेवलं. तुमच्या बापासाठी पन ठेवलं, धाऊदादा.”

दादांनी मान खाली घातली. गुरुजी खिडकीबाहेर बघायला लागले. तो क्षण माझा होता. तिने विचारल्यावर मीच हो म्हटलं होतं, चूक असेल तर माझी आहे, इतकंच बोलायचं होतं. त्या पावसाळ्यात दोनदा वैष्णवीचे ओठ निळे पडले होते आणि दोन्ही वेळा धाऊदादांच्या जीपनेच आम्ही शहापूरचा दवाखाना गाठला होता. गावात दुसरी गाडी नव्हती. ठरावाची वही माझ्यासमोर आली. बाईजा बघत होती. मी सही केली.

बाहेर तिने मला गाठलं. मला वाटलं, आता बोलेल. बोलली ती एवढंच, की थंडीत पोरीला माठातलं पाणी देऊ नको.

दिवाळीत सगळ्या भिंतींना चुना लागला, पाढे आणि नकाशासकट. भजनाचा तास काही सुरू झाला नाही. गुरुजींची बदली खर्डीकडे झाली. वर्षभराने आम्ही वाशिंदला खोली घेतली, डॉक्टर जवळ म्हणून. वैष्णवी आता आठ वर्षांची आहे. तिचा श्वास वाजला की मी अजूनही आधी उभीच राहते.

गेल्या मे महिन्यात सासूबाईंकडून कळलं, की बाईजा बरेच दिवस खाली आलेली नाही. रेशनलाही नाही. मी दोनदा निघाले. एकदा किन्हवलीला एसटीतून उतरले, चहा घेतला, आणि त्याच गाडीने परतले.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल, तर शाळेपाशी उतरा. मागच्या ओढ्यापलीकडून वाट वर चढते. वाडीतलं शेवटचं घर तिचं. दार लोटलेलं असलं तर हाक मारून थोडं थांबा, ती आता हळू चालते म्हणतात. कुणी पाठवलं असं तिने विचारलं, तर वैष्णवीच्या आईने म्हणून सांगा. सही केलेली बाय म्हणालात तरी ओळखेल. आणि ती काहीच बोलली नाही, तर तेही मला कळवा.