बाराव्या मजल्यावरची गंधर्वकन्या

आमच्या नेरूळच्या सोसायटीत बाराव्या मजल्यावर देव बोलू लागला, तेव्हा पहिली तक्रार लिफ्टची आली. भक्त जिन्यात, नारळ लिफ्टमध्ये.

देव बोलत होता तीन वर्षांच्या प्राचीच्या तोंडून. "दाका बाञ जोमा!" असं ती किंचाळली की पन्नास हात जोडले जात. मराठी नव्हे, हिंदी नव्हे. तिचे आईबाप, श्यामसुंदर आणि वैशाली, दोघंही इंजिनियर. त्यांनी मोबाइलला विचारलं. तो म्हणाला, पुन्हा बोला. मोबाइलला कळत नाही म्हणजे देवाचीच भाषा, दुसरं काय?

भक्तांनी बोलावलेल्या शब्दानंद महाराजांनी डोळे मिटून अर्थ लावला. "गंधर्वभाषा! कन्या म्हणते, मी अमृताची तहानलेली. पूर्वजन्मीची योगिनी आहे. घरात ठेवाल तर वाचा जाईल. रविवारी आश्रमात आणून सोडा. कायमची."

वैशालीने हातातलं निरांजन खाली ठेवलं. "पण ती माझ्याशिवाय झोपत नाही, महाराज."

"मोह, ताई, मोह!"

दारात दिवाळे गावची कमळीमावशी मासळीची पाटी घेऊन उभी होती. "म्हाराज, तुमाला ती भाषा येतं ना? मंग पोरीला तिच्यातच इचारा, पानी पायजे का."

महाराज म्हणाले, गंधर्वभाषा फक्त ऐकायची असते.

"आनि ही फुलमनी गेटवर माझे बाजूला बसून रोज पोरीशी बोलतं, ती कंची भाषा हाय?"

सगळ्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. फुलमनी ही आमच्या वॉचमनची बायको, झारखंडची. वर्षभर सकाळी आठ ते संध्याकाळी सात प्राचीला तीच सांभाळते. मालकांशी बोलणं "जी मॅडम" एवढंच. तिला स्वतःची भाषा असेल, अशी शंका दोन इंजिनियरांना कधी आली नव्हती.

फुलमनी चहाचा ट्रे ठेवून प्राचीला काहीतरी म्हणाली. प्राची फणकारली, "दाका बाञ जोमा!"

"क्या बोलती है?" वैशालीने विचारलं.

"भात नहीं खाऊँगी, बोलती है. दाका मतलब भात. रोज का है, मॅडम."

"पहले क्यों नहीं बताया?"

"किसी ने पूछा नहीं."

अमृताची तहान भातावर आली, तशी महाराजांना पनवेलची दुसरी भक्तमंडळी आठवली. लिफ्टची वाट न पाहता ते बारा मजले उतरले.

चमत्कार झालाच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. शाळा नाही, पुस्तक नाही, आणि तीन वर्षांच्या पोरीने नुसतं ऐकून फुलमनीची संताळी भाषा उचलली. असं प्रत्येक घरातलं मूल करतं. त्याला महाराज लागत नाहीत. मुलाशी बोलणारं माणूस लागतं. कोण बोलतंय, एवढं आधी घरातच विचारावं.

संध्याकाळी वैशालीने फुलमनीला पहिल्यांदा विचारलं, तुम्ही पाण्याला काय म्हणता?

उत्तर आईच्या मांडीवरून आलं. "दाक्."