हे संभाषण नोंदवलं जात आहे

चौदाव्या फोनला पलीकडून "हॅलो" आलं आणि त्याच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. ते काढायचा त्याने प्रयत्नही केला नाही. बिस्कीट विरघळत तळाशी गेलं, आणि समोरच्या पडद्यावर नाव, वय, पत्ता, थकलेले हप्ते अशा क्रमाने त्याची बायको उमटली.

नाव तिचं माहेरचं होतं. पत्ता मात्र सासरचा, म्हणजे त्याचाच. थकलेले हप्ते तीन. एकूण येणं एकतीस हजार चारशे.

या ऑफिसात फोन माणसं लावत नसत, यंत्र लावत असे. नंबरामागून नंबर फिरवायचे, कोणी उचलला की तो मोकळ्या बसलेल्या वसुली अधिकाऱ्याच्या कानात सोडायचा, आणि त्याच क्षणी कर्जदाराची माहिती पडद्यावर टाकायची. फोन कोणाला लागणार हे आधी कळायची सोय नव्हती. ती नको म्हणूनच यंत्र आणलं होतं. लागलेला फोन आपण तोडायचा नाही, हा पहिला नियम. नात्यातलं कोणी निघालं तर बोलणं संपल्यावर फॉर्म भरून द्यायचा, हा नववा. नवव्या नियमाचा फॉर्म अकरा वर्षांत दोघांनी भरला होता. त्यातला एक आता तळमजल्यावर पाकिटं चिकटवत होता, आणि दोघांत तोच नशीबवान समजला जाई. ज्याच्या स्वतःच्या घरात थकबाकी, तो दुसऱ्याकडे कोणत्या तोंडाने मागणार, असं कंपनीचं म्हणणं होतं. त्यात चुकीचं काही नव्हतं. फक्त त्याच्या घराचा हप्ता याच पगारातून जात होता, अजून नऊ वर्षं जायचा होता, आणि पाकिटं चिकटवून तो निम्माही गेला नसता.

तीन रांगा पलीकडे काचेच्या केबिनमध्ये सुपरवायझर कानाला यंत्र लावून बसले होते. ऑफिसात त्यांना कानसेन म्हणत. ते कधी कोणाच्या फोनात शिरून ऐकतील याचा नेम नसे. शिरले की टिक् असा बारीक आवाज होई, तेवढाच.

"नमस्कार मॅडम," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. ऑफिसने दिलेलं खोटं नाव त्याने सांगितलं, कंपनीचं सांगितलं, आणि पुढचं वाक्य सवयीने आपोआप बाहेर आलं.

"हे संभाषण नोंदवलं जात आहे."

पलीकडे नळाचं पाणी वाहत होतं. तो नळ नुसता फिरवून बंद होत नाही, वरून अर्धा पिळा द्यावा लागतो. तो अर्धा पिळा दिलेला त्याने ऐकला.

"बोला साहेब," ती म्हणाली.

बावीस वर्षांच्या संसारात तिने त्याला पहिल्यांदाच अहोजाहो केलं होतं. तिने आवाज ओळखला यात शंका नव्हती. आणि नोंदवणं म्हणजे काय, तेही तिला पुरतं ठाऊक होतं. त्याच्या नोकरीतली प्रत्येक भीती त्याने वेळोवेळी घरी आणून दाखवली होती.

टिक्.

कानसेन आले होते.

त्याने समोरचा छापील कागद जवळ ओढला. वसुलीचं सगळं बोलणं त्यावर क्रमाने लिहिलेलं असे. एरवी त्याला तो लागत नसे. आज त्याने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, आपले तीन हप्ते थकले आहेत."

"हो. माहीत आहे."

"काही अडचण?"

"पैसे नाहीत," ती म्हणाली.

अकरा वर्षांत इतकं छोटं उत्तर त्याला कोणी दिलं नव्हतं. लोक आजारी पडत, लोकांच्या सासवा जात, एकाची सासू तर आठ महिन्यांत दोनदा गेली होती. कागदावर आजारपणाला उत्तर होतं, मृत्यूला होतं, पुराला आणि आगीलाही होतं. पैसे नाहीत, याला नव्हतं.

तो पुढच्या प्रश्नावर गेला. कर्ज कशासाठी घेतलं होतं?

घरखर्चाला, ती म्हणाली. आणि मग, परक्याने विचारलं म्हणूनच सांगता येत असावं तशी, ती सांगत गेली. घरखर्चाला महिन्याचे पंधरा हजार ठरलेले. दोन वर्षांपूर्वी ठरले तेव्हा पुरत होते. पुढे तेल वाढलं, गॅस वाढला, औषधं वाढली. पंधरा हजार तेवढे जागचे हलले नाहीत. दर महिन्याला दोन-अडीच हजारांचं भोक पडू लागलं. ते बुजवायला चाळीस हजार घेतले. सुरुवातीचे हप्ते त्याच चाळीस हजारांतून भरले, त्यामुळे सुरुवातीला फार छान चाललं होतं.

पंधरा हजारांचा आकडा त्याचा होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं वही घेऊन बसत. तो खर्चाची नावं वाची, ती रकमा सांगे, आणि बेरीज पंधरा हजारांच्या आत आली की तो वही मिटून म्हणे, "याला म्हणतात संसार." बेरीज दोन वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. ऑफिसात त्याला बजेटराव म्हणत ते यावरूनच. नव्याने भरती झालेल्यांना काटकसरीवर चार शब्द सांगायला कानसेन त्यालाच उभं करीत.

"घरी हे कोणाला माहीत आहे का?" त्याने वाचलं. हा सातवा प्रश्न. घरच्यांकडून काही निघतंय का, ते यातून बघायचं असे.

ती बोलली नाही. इथे थांबावं, असं कागदावर कंसात छापलेलं होतं. थांबलं की कर्जदार अस्वस्थ होतो आणि बोलतो. तो थांबला आणि अस्वस्थ झाला.

"घरी सांगण्यासारखं नाही," ती शेवटी म्हणाली.

"का?"

हे कागदावर नव्हतं. त्याची पाचावर धारण बसली. काचेआडची मान मात्र हलली नाही.

"माझे मिस्टर वसुलीतच आहेत," ती म्हणाली. "हप्ते चुकवणाऱ्यांच्या नकला करतात घरी. जेवताना. आवाज काढतात, रडून दाखवतात. फार हुबेहूब करतात."

त्याने कागदावरची पुढची ओळ शोधली. ती सापडेना.

"मीपण हसायचे," ती म्हणाली.

घामाचा एक थेंब त्याच्या भुवईपर्यंत येऊन थांबला होता. पुसायला हात वर गेला तर कानसेन बघतील, म्हणून त्याने तो तसाच राहू दिला.

"मॅडम, कधीपर्यंत भराल?"

"तुम्हीच सांगा."

"सात तारीख लिहू?"

"सातला आमच्याकडे पगार होतो," ती म्हणाली. "आठला नसतो."

"एकच हप्ता भरा. बाकीच्याचं बसून ठरवता येईल."

"कोणाशी बसून?"

"कंपनीशी," तो म्हणाला.

"बरं. लिहा मग."

फोन संपला. पाच सेकंदांत पुढचा कर्जदार आला असता. त्याने विश्रांतीचं बटण दाबलं. तोवर केबिनचं दार उघडलं होतं. कानसेन रांगांमधून चालत आले, वाटेत कोणाच्या तरी टेबलावरचं पेन कारण नसताना सरळ करून ठेवलं, आणि त्याच्या खुर्चीमागे उभे राहिले. खांद्यावर हात पडला तेव्हा त्याने मनातल्या मनात घर विकायला काढलं होतं.

"बजेटराव, याला म्हणतात वसुली," कानसेन म्हणाले. "आवाज चढवला नाहीस, धमकी नाही, आणि बाई तारीख देऊन मोकळी. ते 'का' कुठून सुचलं तुला?"

"सहज, सर."

हे बोलणं शनिवारी नव्या तुकडीला ऐकवायचं, असं कानसेनांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. नाव-गाव तेवढं कापायचं. नवरा वसुलीतला आहे ते मात्र ठेवायचं. पोरं जरा हसतील. हसल्यावर लक्षात राहतं.

"कुठल्या ऑफिसात असेल रे तो नवरा?" जाता जाता त्यांनी विचारलं.

"ऑफिसं बरीच आहेत, सर."

कानसेन गेले. कोणाला काही कळलं नव्हतं. गप्प बसलं तर सात तारखेला एक हप्ता गेला असता, पुढच्या महिन्यात दुसरा, आणि शनिवारी तीस जणांबरोबर त्यालाही हसायला बसावं लागलं असतं. ते काही अवघड नव्हतं. त्याने गार झालेला चहा उचलला, तळाचा बिस्किटाचा गाळ बघितला आणि कप तसाच ठेवला.

मग तो कारकुनाकडे गेला आणि नवव्या नियमाचा फॉर्म मागितला. कारकुनाला तो शोधायला बराच वेळ लागला. "कोण निघालं?" त्याने विचारलं. "भरल्यावर दिसेलच," तो म्हणाला आणि फॉर्म घेऊन जिन्यात आला.

जिन्यातल्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून त्याने तो भरला. कर्जदाराचं नाव. कर्जदाराशी नातं. पुढचा रकाना होता: सदर थकबाकी आपणास कधी कळली? त्याने आजची तारीख घातली. सहीची जागा कोरी ठेवून त्याने स्वतःच्या मोबाइलवरून घरी फोन लावला.

तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"रेकॉर्ड होतंय?"

"नाही. जिन्यात आहे."

समोर प्रश्न छापलेले नसले की काय बोलायचं, ते त्याला सुचेना. शेवटी हातात होता तोच कागद त्याने तिला वाचून दाखवला. सोमवारपासून कदाचित तळमजल्यावर बसावं लागेल, म्हणाला. कदाचित तेही नाही. घराच्या हप्त्याचं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं, आणि तसं त्याने सांगितलं. हे सांगून तो पायरीवर बसला.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "कधी कळलं, तिथे काय लिहिलंस?"

"आजची तारीख."

"आजची?"

"मग कोणती लिहू?"

"मला वाटलं, तुला मार्चपासून माहीत आहे."

त्याला काही उमगलं नाही. मग तिने सांगितलं. मार्चमध्ये पहिला हप्ता चुकला, आणि त्याच संध्याकाळी जेवताना त्याने एका बाईची नक्कल केली. नवऱ्याला न सांगता घरखर्चाला कर्ज काढलेली बाई. फोनवर कुजबुजत बोलणारी, हे येतील, हे ऐकतील म्हणणारी. करताना तो तिच्याकडेच बघत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच बाई. तिसऱ्या दिवशीही. त्याला ऑफिसात सगळं कळलं आहे आणि हे त्याचं सांगणं आहे, असं तिने धरलं. रोज ताट वाढताना वाटे, आज नक्कल मध्येच थांबवेल आणि विचारेल.

ती बाई त्याला आठवली. आवाज फार चांगला जमायचा, म्हणून पुन्हा पुन्हा केली होती.

"ती दुसरीच होती गं," तो म्हणाला. "कुठल्या तरी लांबच्या गावातली."

"असं होय."

खालच्या मजल्यावर पाकिटांवर शिक्के मारल्याचा आवाज येत होता. एक, एक, मग थोडं थांबून दोन.

"म्हणजे इतके दिवस मी उगाचच घाबरले म्हणायची," ती म्हणाली. बेरजेतली चूक सापडावी, तशी म्हणाली.

त्याने गुडघ्यावर कागद धरून सही केली.

"उगाच नाही," तो म्हणाला.