मिरचीचा दोष

"शहाज्या, कुटं चाललास? अर्धी गाडी हाय अजून!" मुकादम भगवान ओरडला.

शहाजीनं पाठीवरचं मिरचीचं पोतं थप्पीला टेकवलं आणि गाळ्यामागच्या संडासाकडे धावला. पुन्हा तेच. पोटात पीळ, शेम आणि रक्त. बाहेर आला तो भिंतीला धरत.

तुर्भ्याच्या मसाला बाजारात मिरची वाहणाऱ्याला रक्त पडलं, तर दोष मिरचीचाच. हमालांच्या अख्ख्या टोळीचं निदान ठरलेलं, उष्णता! शहाजीनं ताक प्यायलं, कुड्याच्या सालीचा काढा घेतला, मूळव्याधीचं मलमही लावून झालं. शेवटी बायकोनं, राजाबाईनं, त्याला वाशीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. दुर्बिणीनं तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आतड्याला सूज आहे, जखमा आहेत. मिरचीमुळे नाही झालेलं हे. गोळ्या रोज घ्या. बरं वाटलं तरी माझ्या परवानगीशिवाय थांबवू नका."

शहाजीला बरं वाटलं आणि त्यानं गोळ्या थांबवल्या. त्याला दुखण्यापेक्षा टोळीची भीती जास्त. रोज गोळी खाणाऱ्याच्या पाठीवर कोण पोतं देईल?

तो परतला तेव्हा गाडी रिकामी झाली होती. त्याच्या वाट्याची पोती बाकीच्यांनी वाहिली होती, आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

भगवान शेजारी येऊन बसला. "गोळ्या खातोस न्हवं?"

"खात हुतो."

"हुतो?" भगवाननं कपाळाला हात लावला. "उद्यापास्नं पोती शिवायला बस. जवा जायाचं तवा जा, कुनी इचारनार न्हाई."

"म्हाताऱ्यांचं काम हाय ते, मुकादम. मी उचलतो की."

"उचलशील रं. पर पडलास तर राजावयनीला काय सांगू?"

शहाजी उठला आणि घरच्या वाटेला लागला.

रात्री राजाबाईनं मऊ भात वाढला आणि ताटाच्या कडेला गोळी ठेवली. "बरं वाटलं तरी," ती एवढंच म्हणाली. त्यानं मुकाट्यानं गिळली. त्याला रडू येत होतं, पण भात गरम होता, डोळ्यांतलं पाणी वाफेवर खपून गेलं.

सकाळी सवयीनं खांद्यावर गोणपाट टाकून तो बाजारात आला. गाडी लागलीच होती. टोळी रांगेत उभी राहिली आणि त्याचे पायही तिकडेच वळले. मग तो थांबला. खांद्यावरचं गोणपाट काढून त्यानं भिंतीशी अंथरलं, त्यावर बसला आणि दाभणात सुतळी ओवली.